शिकवणे, तपासणे आणि नोंद ठेवणे: डिजिटल तंत्रज्ञान विद्यापीठात नेमके कुठे शिरले आहे

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा तिथे एकही वर्ग भरत नव्हता. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी केली होती, आणि लंडन विद्यापीठ तेव्हा स्वतः शिकवत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टनसारख्या महाविद्यालयांकडे होते. मुंबई विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग आकाराला येण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. पॅट्रिक गेडिस यांनी तिथे समाजशास्त्राचा विभाग सुरू केला तो १९१९ साली.

हा इतिहास मुद्दाम आठवला, कारण विद्यापीठ म्हणजे तीन निरनिराळ्या कामांची बांधलेली मोट असते, हे त्यातून स्वच्छ दिसते. पहिले काम शिकवण्याचे, दुसरे शिकलेले तपासण्याचे, आणि तिसरे, ज्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही ते, या सगळ्याची दहा-वीस वर्षांनंतरही ग्राह्य धरली जाईल अशी नोंद ठेवण्याचे. डिजिटल तंत्रज्ञानाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पडद्यावर दिसणारे व्याख्यान येते, म्हणजे या तिघांपैकी फक्त पहिले काम येते. माझ्या मते वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. शिकवण्याच्या कामात तंत्रज्ञानाचा गाजावाजा सर्वांत जास्त झाला आणि बदल त्या मानाने कमी झाला. तपासण्याच्या कामात त्याने मोठी उलथापालथ केली. आणि नोंद ठेवण्याच्या कामात जो बदल सध्या चालू आहे, तो पदवी या कल्पनेलाच हात घालणारा असूनही त्याची चर्चा क्वचितच कानावर येते.

शिकवण्यापासून सुरुवात करू. दूरचित्रवाणीवरून विद्यापीठीय पातळीचे विषय समजावण्याचा देशव्यापी प्रयोग भारतात १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे हे कार्यक्रम इन्सॅट उपग्रहामार्फत दूरदर्शनवर दाखवले जात, आणि ते तयार करणाऱ्या माध्यम केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठाच्या आवारात होते. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला. मधल्या काळात, १९८९ साली, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले होते आणि वर्गात न बसता पदवी मिळवण्याचा मार्ग मराठी समाजाला चांगलाच परिचयाचा झाला होता. तेव्हा ‘शिक्षक दूर आणि विद्यार्थी घरी’ ही गोष्ट इंटरनेटने आणली असे म्हणणे बरोबर नाही. दूरचित्रवाणीची अडचण वेगळी होती. समोर कोण बसले आहे, ते जागे आहे की झोपले, त्याला काय कळले आणि काय कळले नाही, हे जाणून घेण्याची सोय तिच्यात नव्हती. कार्यक्रम प्रसारित झाला की तिचे काम संपे.

ही सोय हळूहळू कशी आली, हे एनपीटेलच्या वाटचालीवरून समजते. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ च्या सुमारास हा उपक्रम उभा केला, तेव्हा त्याचे स्वरूप ध्वनिचित्रित व्याख्यानांच्या संग्रहाचे होते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ती व्याख्याने पेन ड्राइव्हवर उतरवून घेत आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाहत. खरा फरक पडला तो २०१४ पासून, कारण त्या वर्षी त्याच व्याख्यानांना दर आठवड्याचा स्वाध्याय, शेवटची परीक्षा आणि प्रमाणपत्र जोडले गेले. संग्रहाचा अभ्यासक्रम झाला.

हा अभ्यासक्रम प्रत्यक्षात कसा चालतो ते थोडे जवळून पाहू. समजा, लांजा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने बारा आठवड्यांचा एक विषय निवडला. नाव नोंदवायला तिला पैसे पडत नाहीत. दर आठवड्याला साधारण अडीच तासांची व्याख्याने खुली होतात, तीही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत, म्हणजे एसटीच्या प्रवासात एखादे संपवता यावे अशी. आठवड्याच्या पाठावर स्वाध्याय असतो आणि तो ठरलेल्या दिवशी, बहुधा बुधवारी, रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत भरावा लागतो. १२ वाजले की दार बंद. बारा स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम आठ धरले जातात आणि त्यांच्या सरासरीला २५ गुणांचे वजन मिळते. उरलेले ७५ गुण शेवटच्या परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण लागतात, म्हणजे स्वाध्याय कितीही चांगले जमले तरी परीक्षेला बगल देता येत नाही. आणि ही परीक्षा घरी बसून देता येत नाही. १,००० रुपये शुल्क भरून, ओळखपत्र घेऊन, ठरलेल्या केंद्रावर पर्यवेक्षकासमोर जाऊन बसावे लागते.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. व्याख्याने फुकट आहेत, पैसे पडतात ते परीक्षेला. ज्ञान पोहोचवण्याचा खर्च तंत्रज्ञानाने जवळजवळ शून्यावर आणला, परंतु ‘हे उत्तर याच व्यक्तीने, कोणाच्या मदतीवाचून लिहिले’ याची खात्री देण्याचा खर्च कमी झालेला नाही. त्यासाठी अजूनही एक खोली, एक खुर्ची आणि डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस लागतो.

केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी स्वयम् हे व्यासपीठ औपचारिकपणे सुरू केले आणि एनपीटेलसह इतर संस्थांचे अभ्यासक्रम एका छताखाली आणले. स्वयम्‌वरच्या प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: ध्वनिचित्रफीत, वाचनसाहित्य, स्वतःला तपासून पाहण्याच्या चाचण्या आणि शंका विचारण्याची जागा. चौथा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि अनुभवाने सांगायचे तर सर्वांत ओसाड. हजारो विद्यार्थ्यांमध्ये आपली शंका विचारणे हे वर्गात हात वर करण्यापेक्षा सोपे असेल असे वाटते, पण तसे होत नाही. वर्गात शंका चेहऱ्यावर दिसते आणि शिक्षक न विचारताच थांबतो. ऑनलाइन मात्र शंका नीट वाक्यात, बहुधा इंग्रजीत, टंकलिखित करावी लागते, आणि ज्याला शंका वाक्यात मांडता येते त्याची ती अर्धी सुटलेली असते.

अर्धवट सोडून देण्याचा प्रश्नही इथलाच. २०११ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अभ्यासक्रम सर्वांसाठी विनामूल्य खुला करण्यात आला, तेव्हा जगभरातून सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली. तो पूर्ण करणारे साधारण २३,००० होते. हा आकडा निराशाजनक मानायचा की थक्क करणारा, हे कोणत्या बाजूने पाहतो त्यावर अवलंबून आहे, कारण २३,००० विद्यार्थी एकाच विषयात उत्तीर्ण करायला एखाद्या प्राध्यापकाला कित्येक जन्म लागतील. परंतु मधेच सोडण्याचे मूळ कारण सोपे आहे: तुम्ही आला नाहीत हे तिथे कोणाच्या लक्षात येत नाही. हजेरीचे महत्त्व आपण नेहमी शिस्तीच्या अंगाने सांगतो. वास्तविक हजेरी म्हणजे कोणीतरी आपली वाट पाहत असल्याची खूण असते.

लाभही खरे आहेत आणि ते विसरून चालणार नाही. व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकता येते, ही सोय मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या किती उपयोगाची आहे, ते इंग्रजी माध्यमात वाढलेल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. वर्गात इंग्रजीतले एक वाक्य निसटले की पुढची चार निसटतात. एनपीटेलच्या अनेक अभ्यासक्रमांचा मजकूर आता मराठीसह इतर भारतीय भाषांत उपलब्ध आहे, आणि मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात संगणक प्रणाली शिकवणाऱ्या, साधारण दहा-दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती मराठीतही करून ठेवल्या आहेत. ज्या महाविद्यालयात एखाद्या विषयाचा पूर्णवेळ शिक्षक वर्षानुवर्षे नेमलेला नाही आणि तासिका तत्त्वावर कोणी मिळाले तरच तास होतात, तिथे आयआयटीच्या प्राध्यापकाचे ध्वनिचित्रित व्याख्यान हे वरदान आहे. पण त्याच महाविद्यालयाला उद्या ‘व्याख्याने आहेतच, मग पद कशाला भरता’ असे सांगितले जाऊ शकते, ही भीतीही अनाठायी नाही. तंत्रज्ञान शिक्षकाच्या जोडीला येते की जागेवर, हे शेवटी वित्त विभागात ठरते.

आता दुसरे काम, तपासण्याचे. आपल्या विद्यापीठांचा मूळ व्यवसाय हाच असल्यामुळे तंत्रज्ञानाचा खरा कस इथे लागला. प्रश्नपत्रिकेचे उदाहरण घ्या. पूर्वी लाखेच्या मोहरेचे लिफाफे गाडीने केंद्रोकेंद्री जात. आता अनेक विद्यापीठे परीक्षेपूर्वी अगदी थोडा वेळ आधी प्रश्नपत्रिका इंटरनेटवरून पाठवतात, केंद्रप्रमुख परवलीचा शब्द वापरून ती उघडतात, आणि महाविद्यालयातच तिच्या प्रती काढल्या जातात; प्रत्येक पानावर त्या केंद्राची खूण छापली जाते, म्हणजे एखादे पान बाहेर फिरताना सापडले तर ते कुठून निघाले हे कळावे. गाडीचा प्रवास वाचला. मात्र मुसळधार पावसात वीज गेली आणि जनरेटर रुसला, तर मुलांना वर्गात नुसते बसवून ठेवण्याची नवी पद्धतही त्यासोबत आली.

उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत याहून गुंतागुंतीची आहे. परीक्षा संपल्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे स्कॅनिंग केंद्रात येतात. पहिल्या पानावरचा बैठक क्रमांक प्राध्यापकाला दिसू नये म्हणून ओळखीसाठी बारकोड असतो. शिवण कापून पाने सुटी केली जातात, यंत्रातून जातात आणि प्रत्येक पानाची प्रतिमा त्या बारकोडाखाली साठवली जाते. प्राध्यापक आपल्या महाविद्यालयातल्या किंवा केंद्रातल्या संगणकावर बसतो. पडद्याच्या एका बाजूला उत्तरपत्रिकेचे पान असते, दुसऱ्या बाजूला प्रश्नांचा तक्ता. गुण तक्त्यात भरले की बेरीज यंत्र करते. कोणताही प्रश्न न तपासता पुढे जाता येत नाही, आणि कोरी पानेसुद्धा एकेक करून उघडून पाहावी लागतात. पेपर तपासणाऱ्यांच्या दोन सनातन चुका, म्हणजे बेरजेची चूक आणि मागच्या पानावरचे उत्तर नजरेतून सुटणे, या दोन्ही तिथल्या तिथे अडवल्या जातात. पुनर्मूल्यांकनासाठी किंवा छायाप्रतीसाठी अर्ज आला तर गोदामात गठ्ठा शोधत बसावे लागत नाही.

मी दोन्ही पद्धतींनी पेपर तपासले आहेत आणि दोन्हींतला फरक बोटांना जाणवतो. कागदावर तपासताना डाव्या हाताचा अंगठा मागच्या उत्तरात ठेवून आपण पुढचे वाचत असतो. मुलाने व्याख्या तिथे लिहिली आहे आणि उदाहरण इथे, हे झटकन दिसते. पडद्यावर मागे जायचे तर चार वेळा टिचकी मारावी लागते, आणि साठावी उत्तरपत्रिका हातात असताना ती मारली जातेच असे नाही. याउलट, बेरीज करण्यातून सुटका झाली हे सुख शब्दांत सांगता येणार नाही.

एवढी उपयुक्त पद्धत २०१७ साली मुंबई विद्यापीठात कोलमडली, आणि का कोलमडली ते समजून घेतले पाहिजे, कारण तंत्रज्ञान बदलताना नेमके काय बदलते याचा तो उत्तम धडा आहे. त्या वर्षी उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकदम पडद्यावर तपासण्याचे ठरले, आणि तेही परीक्षा तोंडावर आल्या असताना. कागदी पद्धतीत हजारो प्राध्यापक अनेक केंद्रांवर एकाच वेळी काम करतात. एखाद्या केंद्रात गोंधळ झाला तरी बाकीची चालू राहतात. पडद्यावरच्या पद्धतीत प्रत्येक उत्तरपत्रिकेला आधी स्कॅनिंगच्या एकाच अरुंद दारातून जावे लागते. त्या दारात गर्दी झाली की प्राध्यापक हातावर हात ठेवून बसून राहतात आणि पुढे निकाल अडतो. काही उत्तरपत्रिकांचा मेळ लागेना, प्राध्यापकांना प्रणालीचा सराव नव्हता, आणि कुलपती या नात्याने राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही पाळता आली नाही. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, पुढच्या प्रवेशांच्या संधी अनेकांच्या हातून गेल्या, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पद्धत मात्र टिकली. चूक पडद्याची नव्हती. एका विद्याशाखेवर दोन-तीन सत्रे चालवून पाहण्याची गोष्ट सर्व विद्याशाखांवर एकदम लादली गेली.

२०२० सालची कथा वेगळी आहे. टाळेबंदीत अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही यावर महाराष्ट्र सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांचे जमेना. शेवटी २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर ऑक्टोबरच्या सुमारास राज्यातल्या विद्यापीठांनी बहुतांशी बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या. त्या वेळी दुसरा पर्याय नव्हता हे मान्य करूनही एक परिणाम सांगितला पाहिजे. जे यंत्राला तपासता येते तेच विचारायचे, असा कल त्या परीक्षांनी रुजवला. ‘१८५७ च्या उठावाची कारणे सांगा’ हा प्रश्न ‘खालीलपैकी कोणते कारण नाही’ असा झाला की मुलाला काय माहीत आहे ते कळते. त्याला कार्यकारणभाव मांडता येतो का, ते कळत नाही.

या सगळ्यावर ३० नोव्हेंबर २०२२ नंतर आणखी एक थर चढला. त्या दिवशी चॅटजीपीटी खुले झाले आणि घरी लिहून आणायच्या प्रत्येक कामाचा अर्थ बदलला. सबमिशनसाठी नोट्स एकमेकांच्या वह्यांतून उतरवण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे, पण तिच्यात निदान हात दुखेपर्यंत लिहावे तरी लागे. प्राध्यापकांची पहिली अपेक्षा अशी की, यंत्राने लिहिलेले ओळखणारे दुसरे यंत्र असेल. तशी साधने निघाली, परंतु त्यांच्या भरवशावर कोणाला नापास करणे धोक्याचे आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच आपले ओळखण्याचे साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले.

इथे वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या साधनांचे काम कसे चालते हे सांगितले पाहिजे, कारण दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ही साधने मजकुराचे लहान लहान तुकडे करतात आणि ते आपल्याजवळच्या साठ्याशी ताडून पाहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर विद्यार्थ्याला सुधारून पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० टक्क्यांना पुन्हा सादर करण्यावर एक वर्षाची बंदी आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. हे साम्याचे माप आहे, लेखकत्वाचे नाही. यंत्राने दर वेळी नव्याने जुळवलेल्या वाक्यांचा साठ्यात पत्ताच नसतो, त्यामुळे असा मजकूर या चाळणीतून अलगद निघून जातो.

मराठी प्रबंधांच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे, आणि ती मराठीत टंकलेखन करून घेतलेल्या कोणालाही चटकन पटेल. शोधगंगा या राष्ट्रीय संग्रहात देशभरातले प्रबंध ठेवले जातात. त्यांतले अनेक मराठी प्रबंध युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेतांक देणारी पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. पडद्यावर आपल्याला स्वच्छ मराठी दिसते, परंतु आत साठवलेली चिन्हे रोमन अक्षरांची असतात. बाकीचे काही नुसतीच पानांची छायाचित्रे आहेत. माणसाला ते वाचता येते, साम्य शोधणाऱ्या साधनाला तो निरर्थक कचरा दिसतो. त्यामुळे जुन्या मराठी प्रबंधातून प्रकरणच्या प्रकरण उचलून आजच्या युनिकोडमध्ये टंकले, तरी अहवालात साम्य नगण्य येऊ शकते. मार्गदर्शकाने तो जुना प्रबंध स्वतः वाचलेला असणे, हाच तिथे एकमेव पहारा उरतो. माझ्या ओळखीचे बरेच प्राध्यापक आता घरच्या लेखनाचे गुण कमी करून वर्गात बसवून लिहून घेणे आणि तोंडी परीक्षा यांच्याकडे वळले आहेत. शंभर-सव्वाशे मुलांच्या तुकडीत प्रत्येकाला दहा मिनिटे विचारायची म्हटली तरी वीस तास जातात, ही त्यातली अडचण आहे.

आता तिसरे काम. नोंद ठेवणे म्हणजे आपल्या मनात गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, आणि विद्यापीठ बदलायचे असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र व पात्रता प्रमाणपत्र या कागदांसाठीच्या रांगा. हे कागद आता डिजिलॉकरमध्ये मिळू लागले आहेत आणि ती मोठीच सोय आहे. परंतु कागदाची जागा प्रतिमेने घेतली, एवढ्यापुरताच बदल असता तर त्याबद्दल इतके लिहिण्याचे कारण नव्हते. मुख्य बदल मोजमापाच्या एककात आहे.

पूर्वी शिक्षणाचे एकक वर्ष होते: प्रथम वर्ष, द्वितीय वर्ष, तृतीय वर्ष. आता ते एकक श्रेयांक झाले आहे. सर्वसाधारणपणे एका सत्रात तासिकांचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकांचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. वर्षाला किमान ४०, आणि तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या पहिल्या वर्धापनदिनी, २९ जुलै २०२१ रोजी, हे श्रेयांक साठवण्यासाठी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली. विद्यार्थ्याचे तिथे बारा अंकी ओळख क्रमांकाचे खाते असते. त्याने पहिले वर्ष एका महाविद्यालयात केले, मग घरच्या अडचणीमुळे दोन वर्षे थांबला आणि नंतर दुसऱ्या विद्यापीठात गेला, तरी जमा झालेले श्रेयांक त्याच्या खात्यात राहतात. त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षांची आहे. पदवीसाठी वापरलेले श्रेयांक खात्यातून वजा होतात, म्हणजे तेच श्रेयांक दोन पदव्यांना लावता येत नाहीत. आणि जी संस्था पदवी देणार, तिच्याकडून निदान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावे लागतात.

आता लांज्याच्या त्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारण ३ श्रेयांक मिळतात. २०१६ च्या नियमांनुसार एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम स्वयम्‌वरून करता येत. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. सत्र २० श्रेयांकांचे धरले तर ८ श्रेयांक तिच्या महाविद्यालयाबाहेरून येऊ शकतात. तिला तत्त्वज्ञान शिकायचे आहे आणि महाविद्यालयात तो विभागच नाही, तर तिने तो विषय सोडून द्यायला नको. हे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने चांगले आहे यात मला शंका नाही. महाविद्यालयाच्या दृष्टीने मात्र प्रश्न उभा राहतो: आपल्याकडे नाव असलेली मुले ४० टक्के विषय दुसरीकडे शिकणार असतील, तर कार्यभार कसा मोजायचा आणि त्यावर ठरणारी पदे कशी टिकवायची? १८५७ सालची रचना वेगळ्या रूपाने परत येत आहे. तेव्हा विद्यापीठ शिकवत नव्हते, महाविद्यालय शिकवत होते. उद्या कदाचित महाविद्यालयही सगळे शिकवणार नाही, आणि तरी पदवीवर नाव त्याच विद्यापीठाचे असेल.

‘बँक’ या शब्दाने एक गैरसमज होतो तो दूर केला पाहिजे. या बँकेत खातेदाराला स्वतः काही जमा करता येत नाही. श्रेयांक भरण्याचा अधिकार फक्त संस्थेला असतो, आणि ती भरेपर्यंत खाते रिकामे दिसते. पुष्कळ विद्यार्थी खाते उघडले, क्रमांक महाविद्यालयाला दिला, की आपले काम झाले असे समजतात आणि दोन-तीन सत्रे तिकडे फिरकतच नाहीत.

महाराष्ट्रात नावाचा घोळ हा त्यातला नेहमीचा अडथळा आहे. आपल्या शाळा-कॉलेजांच्या नोंदींत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि शेवटी आईचे नाव येते. आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी असते आणि वडिलांचे कधी असते, कधी नसते. एका ठिकाणी ‘दिपक’ आणि दुसरीकडे ‘दीपक’, रोमन लिपीत एकीकडे दोन ‘ई’ आणि दुसरीकडे एक ‘आय’, असे माणसाच्या डोळ्यांना क्षुल्लक वाटणारे फरक यंत्र क्षुल्लक मानत नाही. मुलींच्या बाबतीत शिक्षण चालू असताना लग्न झाले आणि आधारवरचे नाव बदलले, तर श्रेयांक एका नावाने आणि खाते दुसऱ्या नावाने अशी स्थिती होते. म्हणून प्रवेशाच्या वेळीच दहावीची गुणपत्रिका, आधार आणि विद्यापीठाची नोंदणी या तिन्हींवरचे नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग सारखे आहे का, हे ताडून पाहावे. प्रत्येक सत्राचा निकाल लागल्यावर महिन्याभराने खाते उघडून त्या सत्राचे सर्व श्रेयांक आले का ते मोजावेत, आणि स्वयम्‌वर केलेला विषय असेल तर तो वेगळा बघावा, कारण तो दुसऱ्या संस्थेकडून येतो. कमी-जास्त आढळल्यास डिजिलॉकरकडे किंवा बँकेकडे तक्रार करून सहसा निभत नाही. दुरुस्ती नोंद भरणाऱ्या संस्थेलाच करता येते, तेव्हा छापील गुणपत्रिकेची प्रत आणि अर्ज घेऊन महाविद्यालयाच्या कार्यालयात, परीक्षेचे काम बघणाऱ्या लिपिकाच्या खिडकीपाशीच जावे लागते.